सव्यसाची कारोय टाकाच

गेल्या वर्षीं वरच्या वर्गांत एके दिवशीं असा प्रश्न निघाला, कीं हाताचें कौशल्य हें हातांत असतें कीं मनांत? प्रश्न निघण्यास कारणही तसेंच घडलें होतें. एका विद्यार्थ्याचा उजवा हात खेळतांना मोडला होता आणि वार्षिक परीक्षा अगदीं जवळ आली होती. हात गळ्यांत बांधून तो रोज वर्गांत येऊन बसे, परंतु वही म्हणून उघडीत नसे. आपलें वर्ष बुडालेंच, असें त्यानें मनाशीं ठरवून टाकिलें होतें. त्याच्या सोबत्यांपैकीं बहुतेकांनीं कौशल्य हातांतच असतें असें उत्तर दिलें. तो मुलगा कांहींच बोलला नाहीं. त्या वेळीं आम्हीं वर्गास जें चरित्र सांगितलें, तेंच येथें थोडें विस्तारानें लिहीत आहों.

महाभारतांत अर्जुनास सव्यसाची म्हटलें आहे, कारण त्याचा डावा हातही उजव्याइतकाच धनुष्याच्या दोरीवर चाले. पवित्र शास्त्रांत शास्ते नांवाचें पुस्तक आहे, त्यांत बन्यामिनाच्या वंशांतील सातशें डावखुऱ्या वीरांचा उल्लेख येतो. केसावर नेम धरिला तरी त्यांच्या गोफणीचा धोंडा चुकत नसे. परंतु ज्याचा कमावलेला उजवा हात एका क्षणांत निकामी झाला, आणि ज्यानें मग डाव्या हातास पहिल्या धड्यापासून शिकवून त्याच विद्येंत जगांत पहिला क्रमांक मिळविला, असा पुरुष विरळा. असा एक पुरुष हंगेरी देशांत होऊन गेला. त्याचें नांव कारोय टाकाच. तो पिस्तुलाचा नेमबाज होता.

पिस्तुल हा शब्द आम्हां नाशिककरांस नवा नाहीं. १९०९ सालच्या डिसेंबर महिन्याच्या २१ तारखेस येथील विजयानंद नाट्यगृहांत अनंत कान्हेरे यानें कलेक्टर जॅक्सन यांजवर पिस्तुल झाडलें, तेव्हांपासून ह्या शहराच्या इतिहासांत त्या शस्त्राचें नांव कायमचें लिहिलें गेलें आहे. आज आम्ही सांगतों ती कथा मात्र कागदाच्या लक्ष्यावर चालणाऱ्या पिस्तुलाची आहे. तींत कोणाचा जीव घ्यावयाचा नसतो. जय मिळवावयाचा तो आपल्याच हाताच्या कंपावर आणि आपल्याच मनाच्या धांदलीवर.

ही विद्या किती अवघड आहे, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. नाहींतर टाकाचच्या पराक्रमाचें मोल कळावयाचें नाहीं. पुष्कळांची अशी समजूत असते, कीं दृष्टि तीक्ष्ण असली म्हणजे नेमबाज झालाच. वस्तुतः तसें नाहीं. पिस्तुलाच्या नळीच्या टोंकावर एक बारीक उंचवटा असतो, त्यास माशी म्हणतात. आणि मागील अंगास एक खांच असते. माशी ही खांचेच्या बरोबर मध्यें व तिच्या कांठांशीं समपातळींत दिसली पाहिजे. आतां आपल्या डोळ्यास एका वेळीं एकाच अंतरावरील वस्तु स्पष्ट दिसते. म्हणून कसलेला नेमबाज आपली नजर लक्ष्यावर न ठेवतां माशीवर ठेवतो, आणि लक्ष्य किंचित् पुसट दिसूं देतो. ह्याचें कारण साध्या त्रैराशिकानें कळेल. माशी व खांच यांमधील अंतर २२ सेंटिमीटर धरिलें, आणि माशी खांचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर जरी बाजूस सरली, तरी २५ मीटरांवर गोळी सुमारें ११ सेंटिमीटर बाजूस जाते. उलट, सबंध हात मनगटांत न वांकतां एक मिलिमीटर सरला, तर गोळीही तेवढीच सरते. म्हणजे हात थोडा हालला तर फारसें बिघडत नाहीं. मनगट वांकडें झालें तर मात्र सर्व बिघडतें.

दुसरी अडचण चापाची. बंदूक खांद्यास टेकते आणि दोन्ही हातांनीं धरितां येते. परंतु ह्या स्पर्धांत पिस्तुलास पुढें लांब केलेल्या एकाच हाताचा आधार असतो. अशा स्थितींत चाप हिसक्यानें ओढला, कीं माशी जागची हाललीच. तो बोटाच्या पहिल्या पेऱ्यानें, सरळ मागें, हळूहळू वाढत्या दाबानें दाबावा लागतो. नवशिक्यास बार होणार हें आधींच ठाऊक असल्यामुळें तो नकळत मनगट आवळतो, आणि गोळी लक्ष्याच्या खालीं जाते. ही खोड मोडण्यासाठीं काडतूस न घालतां रिकाम्या पिस्तुलाचा चाप शेंकडों वेळां दाबण्याचा अभ्यास करितात. बार न होतांही माशी हालली, तर दोष शस्त्राचा नसून आपला आहे, हें तेव्हांच्या तेव्हां उघडें पडतें. हा अभ्यास कंटाळवाणा असतो. त्यांत ना आवाज, ना धूर, ना कोणाची शाबासकी. परंतु चांगले नेमबाज तयार होतात ते त्यांतूनच.

कारोय टाकाच याचा जन्म बुडापेस्ट शहरीं २१ जानेवारी १९१० रोजीं झाला. तरुणपणीं तो हंगेरीच्या सैन्यांत शिरला व सार्जंट झाला. पिस्तुलाच्या नेमबाजींत त्यानें अशी प्रगति केली, कीं १९३६ सालापर्यंत जगांतील उत्तम पिस्तुलबाजांत त्याची गणना होऊं लागली. त्याच वर्षीं बर्लिन येथें ऑलिंपिक सामने व्हावयाचे होते. त्यांत हंगेरीच्या वतीनें टाकाच जाईल असें कोणासही वाटलें असतें. परंतु त्यास पाठविण्यांत आलें नाहीं. कारण असें, कीं सैन्यांतील केवळ सनदी अधिकाऱ्यांनींच त्या सामन्यांत भाग घ्यावा असा त्या वेळीं हंगेरींत नियम होता, आणि टाकाच पडला साधा सार्जंट. त्याची गोळी लक्ष्याच्या मध्यावर लागते कीं नाहीं, हें पाहण्याचें कोणास कारण उरलें नाहीं. त्याच्या खांद्यावरील हुद्दा तेवढा पाहिला गेला.

अशा अन्यायानें कित्येक माणसें कडवट होतात. टाकाचनें सराव सोडिला नाहीं. बर्लिनच्या सामन्यांनंतर तो नियम रद्द झाला, आणि १९४० सालीं टोकियो येथें भरणाऱ्या सामन्यांकडे त्याचे डोळे लागले. तेव्हां तो तिशीचा होणार होता. हात मुरलेला, मन पोक्त झालेलें. नेमबाजास ह्याहून चांगलें वय तें कोणतें?

परंतु १९३८ सालीं सैन्याच्या शिक्षणक्रमांत एक सदोष हातबाँब अवेळीं फुटला. तो टाकाचच्या उजव्या हातांत होता. ज्या हातानें तो पिस्तुल धरीत असे, तो हात छिन्नविच्छिन्न होऊन कायमचा निकामी झाला. ह्यांत टाकाचचा कांहीं अपराध नव्हता. दोन वर्षांपूर्वीं त्याच्या वाटेंत नियम आडवा आला होता. तो माणसांनीं केलेला असल्यामुळें माणसांनीं मोडिला. गेलेला हात मात्र कोणास परत देतां येण्यासारखा नव्हता.

सुमारें एक महिना तो रुग्णालयांत होता. त्या महिन्यांत त्याच्या मनांत काय काय आलें असेल, ह्याची कल्पना ज्यांच्या हातून एकादी प्रिय वस्तु अचानक निसटली आहे, त्यांसच करितां येईल. परंतु त्या खाटेवर पडल्या पडल्या त्यानें जो निश्चय केला, तो पुढील वर्षभराच्या वागणुकीवरून स्पष्ट दिसतो. आपला उजवा हात गेला, पण उजव्या हातास जें शिकविलें होतें तें तर आपल्यापाशींच आहे. तेव्हां तेंच आतां डाव्यास शिकवावें, असें त्यानें ठरविलें. आणि ही गोष्ट त्यानें कोणास सांगितली नाहीं.

आपल्या भाषेंत सोप्या कामास डाव्या हाताचा खेळ म्हणतात. टाकाचचा हा खेळ मात्र फार कठीण होता. ज्यास अक्षर येतें त्यानें एकदां डाव्या हातानें आपलें नांव लिहून पाहावें, म्हणजे आम्ही काय म्हणतों तें कळेल. अक्षराचा आकार मनास ठाऊक असतो, परंतु बोटें ऐकत नाहींत. शिवाय पिस्तुलाच्या बाबतींत बदलावयाचा तो नुसता हात नव्हे. उभें राहण्याची ढब उलटी करावी लागते. पुढचा पाय मागें आणि मागचा पुढें येतो. उजव्या पंजासाठीं घडविलेली मूठ डाव्या पंजांत बसत नाहीं. डोळ्यांतही एक प्रबळ असतो. बहुतेकांचा तो उजवा असल्यामुळें डाव्या हातांतील पिस्तुलाची माशी त्याच्यापुढें सरळ येत नाहीं, व मान वळवून किंवा दुसरा डोळा तयार करून ती आणावी लागते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे हाताचा दम. पसरलेल्या हातावर सुमारें एक किलोग्रॅम वजन तोलून धरणें पहिल्या क्षणीं कांहींच वाटत नाहीं. पण थोडा वेळ गेला कीं खांद्यापासून कंप सुटतो. उजव्या खांद्यानें जें बळ कैक वर्षांत कमाविलें होतें, तें डाव्यास आतां थोड्या महिन्यांत मिळवावयाचें होतें.

ह्या सर्वांहून अवघड अशी एक गोष्ट आहे, ती आम्हांस शिक्षक ह्या नात्यानें विशेष वाटते. जो उत्तम जाणतो त्यास पुन्हां वाईट होणें सहन होत नाहीं. नवशिका चुकला तर त्यास आपण किती चुकलों हें कळत नाहीं; टाकाचला मात्र प्रत्येक भरकटलेली गोळी कशानें भरकटली, हें नेमकें कळत होतें. हेंच त्याचें दुःख, आणि नीट पाहिलें तर हेंच त्याचें भांडवल. हात नवा होता, परंतु त्यास शिकविणारा गुरु कसलेला होता. त्यानें हा अभ्यास एकांतांत चालविला. लोकांची कींव आणि लोकांची घाई ह्या दोहोंपासून त्यानें आपला डावा हात दूर ठेविला.

१९३९ च्या वसंत ऋतूंत हंगेरीच्या राष्ट्रीय पिस्तुल स्पर्धा भरल्या. टाकाच तेथें आलेला पाहून जुने सोबती त्याजभोंवतीं जमले. बिचारा आपल्या सोबत्यांचा खेळ पाहावयास आला आहे असें समजून ते त्याचें समाधान करूं लागले. आपण पाहावयास आलों नसून खेळावयास आलों आहों, असें त्यानें शांतपणें सांगितल्याची कथा प्रसिद्ध आहे. त्यानें डाव्या हातांत पिस्तुल घेतलें, आणि ती स्पर्धा जिंकिली. अपघातास तेव्हां पुरतें वर्षही उलटलें नसेल, नसेल. त्याच वर्षीं जागतिक स्पर्धेंत शीघ्र नेमबाजीचें अजिंक्यपद मिळविणाऱ्या हंगेरीच्या संघांतही तो होता.

आतां तरी १९४० चे सामने त्याच्या हातीं लागतील असें वाटलें. परंतु महायुद्ध पेटलें. १९४० चे सामने झाले नाहींत, १९४४ चेही झाले नाहींत. त्याच्या जन्मगांवास, बुडापेस्टास, १९४४ च्या अखेरीस वेढा पडला आणि १९४५ च्या फेब्रुवारींत तो उठला तेव्हां शहराची अर्धीअधिक शोभा धुळीस मिळाली होती. खेळाडूच्या आयुष्यांतील उमेदीचीं वर्षें अशीं निघून गेलीं. १९४८ सालीं लंडन येथें सामने पुन्हां भरले, तेव्हां टाकाच अडतीस वर्षांचा झाला होता.

त्याचा प्रकार होता शीघ्र नेमबाजीचा. ह्यांत २५ मीटरांवर पांच लक्ष्यें शेजारीं शेजारीं उभीं असतात. त्या काळीं तीं आधीं कडेनें वळलेलीं असत, म्हणून दिसत नसत. नेमबाजानें पिस्तुलाचा हात खालीं तिरपा धरून उभें राहावयाचें. लक्ष्यें एकदम समोर वळलीं, कीं हात उचलून प्रत्येकावर एक याप्रमाणें पांच गोळ्या झाडावयाच्या. त्यासाठीं वेळ मिळतो तो कांहीं फेऱ्यांत ८ सेकंद, कांहींत ६ आणि कांहींत अवघे ४. चार सेकंदांत हात उचलणें, माशी शोधणें, चाप दाबणें, आणि कमरेपासून अंग वळवीत पुढच्या लक्ष्यावर जाणें, हें सर्व पांच वेळां करावयाचें! एकंदर ६० गोळ्या, प्रत्येकीस अधिकांत अधिक १० गुण, म्हणजे पूर्ण गुण ६००.

अशा प्रसंगीं शरीर काय करितें, हें परीक्षेस बसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. छाती धडधडते, श्वास आंखूड होतो, तळव्यास घाम सुटतो, वेळ एकाएकीं लहान झाल्यासारखा वाटतो. हे विकार मोठ्या स्नायूंचें फारसें बिघडवीत नाहींत. भिऊन पळणारा मनुष्य उलट अधिक वेगानें पळतो. ते बिघडवितात तें बोटाच्या टोंकाचें नाजूक काम, आणि पिस्तुलबाजीचा सगळा खेळ तर त्या टोंकावरच असतो. ह्या विकारांस हुकूम करून थांबवितां येत नाहीं. त्यांवर उपाय एकच, कीं सरावांत प्रत्येक कृति नेहमीं त्याच क्रमानें इतक्या वेळां करावी, कीं मन घाबरलें तरी हातानें आपली वाट सोडूं नये. आणि मनास गुणांच्या हिशेबांत न गुंतवितां फक्त पुढच्या एका गोळीचें काम द्यावें. लोक समजतात कीं आणीबाणीच्या वेळीं मनुष्य आपल्या नेहमींच्या शक्तीहून वर चढतो. क्वचित् तसें होतही असेल. परंतु बहुधा मनुष्य त्या वेळीं आपल्या सरावाच्या पायरीवर येऊन थांबतो. म्हणून ती पायरीच उंच बांधून ठेवावी लागते. टाकाचनें ती दोनदां बांधिली होती, एकदां उजव्या हातानें आणि एकदां डाव्या.

लंडनच्या सामन्यांतील नेमबाजी बिस्ली येथें झाली. जिंकणार म्हणून सर्वांचे डोळे लागले होते ते अर्जेंटिनाच्या साएन्स व्हालिएन्ते यावर. तो त्या वेळचा जगज्जेता होता. टाकाचला तेथें पाहून त्यास नवल वाटलें, व येथें कशाकरितां येणें झालें अशी त्यानें पृच्छा केली. टाकाचनें आपण शिकावयास आलों आहों एवढेंच उत्तर दिलें, असें सांगतात. मग स्पर्धा झाली. टाकाचचे गुण झाले ५८०, पूर्वीच्या जागतिक उच्चांकाहून दहा अधिक. व्हालिएन्ते यास ५७१ गुणांवर दुसऱ्या क्रमांकाचें पदक मिळालें. विजेत्याचें अभिनंदन करितांना, आपण पुरेसें शिकलां आहां, असें तो खिलाडूपणें म्हणाला म्हणतात. बर्लिनचें दार बंद झाल्यास तेव्हां बारा वर्षें लोटलीं होतीं.

१९५२ सालीं फिनलंडमधील हेलसिंकी येथें पुढचे सामने झाले. ह्या सामन्यांशीं आपल्या महाराष्ट्राचा फार जवळचा संबंध आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवचे मल्ल खाशाबा जाधव यांनीं तेथेंच कुस्तींत कांस्यपदक मिळविलें; स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळांत मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. खाशाबाही लंडनास जाऊन आलेले होते व तेथें सहाव्या क्रमांकावर राहिले होते. चार वर्षें घाम गाळून ते पुन्हां आले होते. त्याच मेळ्यांत बेचाळीस वर्षांच्या टाकाचनें ५७९ गुण मिळवून दुसरें सुवर्णपदक जिंकिलें. शीघ्र नेमबाजींत ऑलिंपिकचें सुवर्णपदक लागोपाठ राखणारा तो पहिलाच. अवघ्या एका गुणानें त्याच्या मागें राहिला तो सतरा वर्षांचा सिलार्द कुन, टाकाचनेंच तयार केलेला हंगेरियन मुलगा. आपल्या शिष्याकडून पराभव व्हावा अशी इच्छा गुरूनें धरावी, असें आपल्याकडे म्हणतात. टाकाचची ती इच्छा एका गुणानें अपुरी राहिली. परंतु शिष्यास इतकें जवळ आणून सोडणें हेंही थोडें नव्हे.

१९५६ सालीं मेलबोर्न येथेंही तो स्पर्धेंत उतरला, पण पदक मिळालें नाहीं. पुढें त्यानें तरुणांस शिकविण्याचें काम केलें. सार्जंट म्हणून ज्यास एकदां मागें ठेविलें होतें, तो लेफ्टनंट कर्नलच्या हुद्यापर्यंत चढला. ५ जानेवारी १९७६ रोजीं बुडापेस्ट येथेंच त्याचा अंत झाला.

आतां त्याच्या मागून ह्या विद्येंत आपल्या लोकांनींही नांव मिळविलें आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ सालीं जाकार्ता व पालेंबांग येथील आशियाई सामन्यांत २५ मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक आणलें. त्यांच्याही विजयामागें त्याच न दिसणाऱ्या, आवाज न होणाऱ्या सरावाचे ढीग असणार, हें वाचकांनीं ओळखलें असेलच.

हें चरित्र सांगतांना आम्हांस आमची एक चूक आठवते, ती येथें लिहिणें उचित होय. पुष्कळ वर्षांपूर्वीं, आम्ही नुकतेच शिकवूं लागलों होतों तेव्हां, आमच्या वर्गांत एक डावखुरा मुलगा होता. डाव्या हातानें लिहिणें वाईट, असें आम्हीं मानीत असूं. म्हणून त्यास आम्हीं वारंवार टोकलें, आणि लेखणी उजव्या हातांत घ्यावयास लाविली. त्याचें अक्षर बिघडलें. पुढें तो प्रश्नाचें उत्तर येत असतांही वर्गांत हात वर करीनासा झाला. टाकाचनें हात बदलला तो दैवानें दुसरा मार्ग ठेविला नाहीं म्हणून. त्या मुलाचा हात आम्हीं कारणावांचून बदलविला. हाताचें कौशल्य मनांत असतें हें जर खरें, तर मन मोडून हात सुधारण्याचा आमचा तो खटाटोप किती उलटा होता!

तेव्हां विद्यार्थीमित्रहो, टाकाचपासून घ्यावयाचें तें पिस्तुल नव्हे. तें शस्त्र जाणत्याच्या देखरेखीवांचून कोणीं हातींही धरूं नये. घ्यावयाची ती त्याची रीत. गेलेल्याचा शोक आवरून उरलेल्यास शिकवावें. शिकवितांना पुन्हां नवशिका होण्याची लाज धरूं नये. आणि परीक्षेच्या दिवशीं लागणारें धैर्य त्या दिवशीं शोधीत न बसतां आधींच्या शांत दिवसांत सांठवावें.

ज्या मुलाचा हात मोडला होता, त्यानें त्या संध्याकाळपासून डाव्या हातानें अंक गिरविण्यास आरंभ केला. पहिलीं पानें त्याची त्यासही वाचतां येत नव्हतीं. वार्षिक परीक्षेस तो बसला. गणिताच्या उत्तरपत्रिकेंत त्याच्या हातून सहाच उदाहरणें पुरीं झालीं. परंतु सहाही बरोबर होतीं.